खिडकीकडचा गाल

खरं सांगायचं तर तो हे लिहिणारच नव्हता. दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसून टाकली. कारण ह्या सगळ्यात शहाणं कोण ठरतं? त्याची आत्या. आणि गाढव कोण ठरतं ते सांगायला नकोच. आपल्या गाढवपणाची दवंडी आपणच कशाला पिटायची? पण पोटात ठेवलेलं आंबतं. म्हणून बसला शेवटी टाइप करायला.

कंपनीत त्याला सगळे ‘लेबल’ म्हणायचे. डबीवर, खोक्यावर, खोक्यातल्या घडीच्या कागदावर जे काही छापलेलं असतं, ते तो लिहायचा. शाळेनंतर शिकला नाही. जे आलं ते वाचून वाचून. आंघोळीला जाऊन शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत अर्धा तास बसणारा माणूस, त्याला दुसरं काम कोण देणार?

कंपनी म्हणजे तरी काय, एका टायरच्या दुकानाच्या डोक्यावरचे दोन मजले. खालून रबराचा वास वर चढायचा, वरून समुद्राचा वास खाली उतरायचा, आणि जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. तिथे कोणी थांबत नसे.

समुद्राचा वास शेवाळाच्या अर्काचा. तपकिरी, पाकासारखा चिकट, निळ्या कॅनमधून यायचा आणि फ्रीजमध्ये सगळ्यांच्या जेवणाच्या डब्यांशेजारी राहायचा. दुपारी कोणाचाही डबा उघडा, आत ओहोटी लागलेली असायची.

अर्क विकणाऱ्यांनी सोबत एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती. हे शेवाळ म्हणे ओहोटीच्या वेळी खडकावर तासन्‌तास उन्हात उघडं पडतं, तरी सुकून मरत नाही. अंगात चिकट रस असतो, तो पाणी धरून ठेवतो. लेबलने ते वाचलं आणि एका बैठकीत लिहून टाकलं: ‘जे ओहोटीला हरलं नाही, ते वयाला काय हरणार!’

मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, डोळ्यांत पाणी आलं. मॅडमचा स्वभाव तसा सरळ. त्या स्वतः कधी खोटं बोलत नसत. त्यासाठी लेबल होता.

“दगड पण सुकत नाही ओहोटीला,” भिंग म्हणाली. “दगड घासायचा का तोंडाला?”

भिंग म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली मुलगी आणि लेबलची एकुलती एक मैत्रीण. जाड चष्मा, त्यावर आणखी हातात भिंग, आणि त्या दोघांतूनही न दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही हा तिचा धर्म.

“आणि कासव दोनशे वर्षं जगतं,” ती म्हणाली. “उद्या कासव घोटायला घे.”

“तू माझं वाक्य मारतेस.”

“ते जन्मलं तेव्हाच मेलेलं होतं. मी फक्त नाडी बघितली.”

तिच्या मते अर्क अगदीच वाईट नव्हता. पाणी थोडं धरतो, त्वचा मऊ राहते. बास. आता तो क्रीममध्ये पडायचा किती? हजार चमचे क्रीमला एक चमचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मॅडमना कोणी हे म्हटलं की त्या हसून म्हणायच्या, “अत्तर कोणी बादलीने ओततं का?” आणि ‘मऊ राहते’ हे शब्द तर त्यांना सहनच होत नसत. “मऊ तर साधं तेलही ठेवतं. लोकांना मऊ नकोय रे, लोकांना मागे जायचंय.”

मागे नेऊन दाखवायला चाचणी हवी. म्हणून चाचणी ठरली.

आता भिंगचं सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथेच अडकलाय. प्रयोगशाळेला प्रमुख नव्हता. प्रमुखाची खुर्ची होती, तिच्यावर मॅडमचा रेनकोट वाळत असे, बारा महिने. काम सगळं भिंग करायची, पण चार वर्षं कागदावर ‘मदतनीस’. मॅडम म्हणाल्या, “ह्या चाचणीचा अहवाल तुझ्या सहीने जाईल. अहवाल चांगला झाला की खुर्ची तुझी.” भिंगने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा टायरवाल्यांना जाता जाता नमस्कार केला.

पद्धत सोपी होती. बायका निवडायच्या. प्रत्येकीला दोन डब्या. उजव्या गालाला साधी क्रीम, डाव्या गालाला तीच क्रीम शेवाळ घातलेली. कुठल्या डबीत काय, ते बायकांना सांगायचं नाही. बारा आठवडे, रोज दोन वेळा. चेहरा तोच, माणूस तोच, त्यामुळे जो फरक पडेल तो शेवाळाचा.

बायका मिळाल्या नऊ. त्यातली एक लेबलची आत्या. त्याच्या वडिलांची थोरली बहीण, वय त्रेसष्ट, आणि तो तिच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. “फुकट आहे ना? मग दोन्ही गाल घे,” म्हणाली.

फॉर्म भरायचं काम लेबलकडे. नाव, वय, साबण कोणता, पाणी किती पिता, झोप किती. शेवटी ‘व्यवसाय’, आणि त्याच्यापुढे एवढीशी चौकट, नखाएवढी. आत्याच्या फॉर्मवर त्याने तिथे लिहिलं: ‘निवृत्त’. छान बसलं. शब्द चौकटीत बरोब्बर बसला की लेबलला आतून गुदगुल्या व्हायच्या. धंद्याची सवय.

पहिल्या दिवशी भिंगने नवा फ्लॅश लावून सगळ्यांचे फोटो काढले. फ्लॅश इतका जोरात पडला की एकीच्याही तोंडावर सुरकुती उरली नाही. नवऱ्यांनी ओळखलं नसतं. मॅडमनी फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. “अगं, ‘आधी’चे फोटो असे असतात का? आधीच एवढ्या सुंदर दिसल्या तर नंतर आपण काय करायचं?” फोटो पुसले गेले. पुन्हा बोलवायला बायकांना वेळ नव्हता. मॅडम म्हणाल्या, आधी-नंतर राहू दे, शेवटी डावा-उजवा शेजारी ठेवू. काम तेच. भिंग जरा कुरकुरली. मग गप्प बसली, कारण फ्लॅश तिनेच आणला होता.

बारा आठवडे गेले. नऊपैकी एकीने एक डबी जावेला देऊन टाकली होती. एकीने दोन्ही क्रीम एकत्र कालवून टाचांना लावली होती, आणि टाचा झकास झाल्या होत्या. एक म्हणाली, डावा कुठला ते सकाळी लक्षात असायचं, रात्री नाही. असं करत करत आठ गळल्या.

उरली आत्या. तिचं सगळं घड्याळावर. सकाळी सहा दहा, रात्री नऊ दहा. सहा अकरा झाले तर क्रीमची माफी मागेल अशी बाई. आणि तिचे गाल बघून वरचा मजला थक्क झाला. उजवा गाल रापलेला, खोल रेषा, डोळ्याखाली पिशवी, कानाकडे डाग. डावा गाल त्याच्यापुढे दहा वर्षांनी लहान. दोन बहिणी एकाच नाकाला धरून उभ्या राहाव्यात तसं.

भिंगने यंत्र लावून रेषांची खोली मोजली. तीनदा मोजली. मग लेबलला जिन्यात गाठलं, तेही त्या वासाच्या वळणावर.

“मला पटत नाहीये. एका चमच्याने एवढं होत नाही. आत्या एकाच कुशीवर झोपतात का?”

“उताणी झोपते. छपराला ऐकू जाईल असं घोरते.”

“एका बाजूने शेकोटी, चूल, काही?”

“काही नाही.”

“फोन एकाच कानाला?”

“आत्या फोनवर बोलत नाही, ओरडते. लांब धरून.”

“नीट आठव.”

“अगं, मी राहतो तिच्या घरात!”

भिंगने आणखी दोन दिवस खाल्ले आणि सही केली. काळ्या शाईने, पूर्ण नाव, खाली तारीख. मॅडमनी त्याच दुपारी मोठं पत्रक करायला सांगितलं. आत्याचा चेहरा, मधून वरपासून खालपर्यंत एक निळी रेघ, एकीकडे ‘शेवाळाशिवाय’, दुसरीकडे ‘शेवाळासह’. आणि खाली लेबलचं ते वाक्य, नाडी बघितलेलं.

पत्रकाचा नमुना घेऊन तो संध्याकाळी घरी आला. फोटो छापायला आत्याची परवानगी हवी होती. ती बाहेरच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा पुसत होती. कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हा उजवा म्हणजे शेवाळाशिवाय?”

“हो.”

“आणि हा डावा तुमच्या समुद्राने गोरापान केलेला.”

“गोरा नाही गं, तरुण.”

आत्या हसायला लागली. आधी हळू, मग खुर्ची हलायला लागली. चष्मा मांडीवरून खाली पडला तरी थांबेना.

“अरे माझ्या राजा,” डोळे पुसत ती म्हणाली, “हा खिडकीकडचा गाल आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? एकतीस वर्षं बस चालवली मी. ऊन कुठून यायचं? खिडकीतून. खिडकी कुठे? ह्या बाजूला. हा गाल खिडकीकडचा आणि हा प्रवाशांकडचा. डेपोत विचार कोणालाही. लग्नात फोटो काढायला उभं राहिलं की आम्ही एकमेकींना ओरडायचो, ए, प्रवाशांकडचा गाल पुढे कर!”

तिने उठून कपाटावरचा फोटो काढला. निवृत्तीच्या दिवशीचा, सहा वर्षांपूर्वीचा. सात ड्रायव्हर ओळीत, गळ्यात हार, आणि साती जणांचा एकच गाल रापलेला, जणू कोणी एका बाजूने भाजून काढलेत. हा फोटो लेबलने रोज बघितला होता. त्याच्याखालीच त्याचा मोबाइल चार्जिंगला लागायचा.

“तू सांगितलं का नाहीस?”

“कोणी विचारलं? साबण विचारला, पाणी विचारलं. काम काय ते तू तुझ्या हाताने लिहिलंस. मी म्हटलं, भावाचा पोरगा आहे, ह्याला ठाऊक असणार. माझ्याच बसने शाळेत जायचास की. माझ्या मागच्या सीटवर बसून माझ्या टोपीला रबर मारायचास.”

तो खाली बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे कळशाने रोज सकाळी त्याला उठवून चहा दिला होता.

“सही करायची ना मला?” आत्याने पेन काढलं. “करते. माझं काय जातंय? त्रेसष्टाव्या वर्षी अर्धी का होईना, सुंदर ठरले.”

“थांब.”

“का? तू नाही सांगितलंस, मी नाही सांगितलं, तर कोणाला कळतंय?” ती त्याच्याकडे बघत होती, स्टॉप नसताना हात दाखवणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तशी. “फक्त खाली त्या पोरीची पण सही आहे, नाही का? चष्मेवाल्या?”

पेन तिने टोपण लावून परत ठेवलं. नऊ दहाला सवयीने उठली, डब्या संपल्यात हे आठवलं, परत बसली.

लेबलने रात्रभर मनात वाक्यं जुळवली. शब्दांचा धंदा असून एक धड जुळलं नाही. गप्प बसावं तर भिंगला खुर्ची मिळते, पण खोट्या सहीवर. सांगावं तर सही वाचते, खुर्ची जाते. आणि दोन्हीकडून दोष त्याच्याच नखाएवढ्या चौकटीचा.

सकाळी तो वर गेला तेव्हा खुर्चीवर रेनकोट नव्हता. खुर्ची पुसलेली होती. टेबलावर नवा पेनस्टँड, त्यात एकच पेन. भिंग उभीच होती, बसली नव्हती अजून. बसायचा मुहूर्त बघत असल्यासारखी.

त्याने एका दमात सांगून टाकलं. बस, खिडकी, सात ड्रायव्हर, सगळं. भिंगने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा त्याने कधी बघितला नव्हता. फार लहान दिसला.

“फॉर्मवर काय लिहिलंयस तू?”

“निवृत्त.”

“आणि लिहायचं काय होतं?”

“निवृत्त बस-ड्रायव्हर.”

“मग?”

“चौकटीत मावत नव्हतं.”

मिश्रण घोटणारं यंत्र शेजारच्या खोलीत घुं घुं करत होतं.

“मी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “कूस विचारली, चूल विचारली, फोन विचारला. नीट आठव म्हटलं.”

“हो.”

“मागची बाजू कोरी होती ना फॉर्मची?”

“होती.”

“अख्खी?”

“अख्खी.” त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. “मी नोकरी सोडतो. मॅडमना सांगतो की सगळी चूक माझी.”

“तुझ्या हौतात्म्याचं मी काय करू? त्याने गाल भरून येतो का?” तिने चष्मा घातला, अहवाल उचलला आणि मॅडमच्या खोलीकडे निघाली. “चल. आणि तोंड बंद ठेव. तुझे शब्द आता महाग पडतात.”

मॅडमच्या टेबलावर तिने अहवाल ठेवला, स्वतःच्या सहीवर एक आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली आणि मग काय झालं ते सांगितलं. आधी रेघ, मग कारण. त्यामुळे मॅडमना समजावायला काही उरलंच नाही. त्या ओरडल्या नाहीत. आत्याचा फोटो पुढे ओढून बघत राहिल्या.

“म्हणजे हा फरक खरा आहे?” त्यांनी विचारलं.

“खरा आहे. पण आपला नाही, उन्हाचा आहे.”

“हो, पण खरा आहे ना?”

“मॅडम, एकतीस वर्षांच्या उन्हाचा फरक आहे तो.”

मॅडमचा चेहरा उजळला. दोन्ही बाजूंनी. “मग उन्हापासून वाचवणारी क्रीम काढू! ह्याच फोटोने. असा पुरावा कोणाच्या बापाकडे नाही. अगं, एकतीस वर्षांची चाचणी, तीही फुकट!”

“ती क्रीम बाहेरून तपासून आणावी लागते,” भिंग म्हणाली. “काही महिने जातील. आणि तपासात उतरली तरच.”

“जाऊ देत. फोटो तर तयार आहे!” मग जरा थांबून, “आणि त्यातही शेवाळ टाक दोन थेंब. कॅनची तारीख उलटायच्या आत संपवायचाय.”

दारापर्यंत पोचल्यावर भिंग वळली. “आणि खुर्चीचं?”

“अहवालच राहिला नाही ना,” मॅडम प्रेमाने म्हणाल्या. “पुढच्या वेळी बघू.”

दुपारी रेनकोट परत खुर्चीवर आला. बाहेर ढगाचा पत्ता नव्हता.

शेवाळाची डबीही बाजारात गेली, कारण हजार डब्या भरून पडल्या होत्या. पत्रक रद्द, ओहोटीचं वाक्य रद्द. डबीवर लेबलने लिहिलं: ‘त्वचा मऊ राहते.’ मॅडम तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी एका बाईचा फोन आला. तिने विचारलं, एवढंच करते का ही क्रीम? लेबल म्हणाला, एवढंच. ती म्हणाली, मग तीन पाठवा, बाकीच्या फारच काय काय करतात.

आत्याने उन्हाच्या क्रीमसाठी फोटो द्यायला हरकत घेतली नाही. अट एकच: फोटोखाली ‘एकतीस वर्षं बस चालवली’ हे छापायचं, आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

“एवढ्या मोठ्या अक्षरात मावणार नाही, आत्या.”

“मग माझं तोंड लहान कर,” आत्या म्हणाली.

भिंग आठ दिवस लेबलशी कामापुरतं बोलली. ‘पाणी आणलं?’ ‘कॅन बंद कर.’ ‘सरक.’ जिन्यात तो दिसला की त्या वळणावरूनसुद्धा नाक न दाबता निघून जायची, फक्त थांबायला लागू नये म्हणून.

नवव्या दिवशी ती त्याच्या टेबलाशी आली आणि कागदांचा गठ्ठा आदळला. नव्या चाचणीचे फॉर्म. त्याने वरचा उचलला. नाव, वय, साबण, पाणी. शेवटी ‘व्यवसाय’, आणि पुढे तीच नखाएवढी चौकट.

“बदलली नाहीस?”

“मॅडमनी पहिल्याच वेळी पाच हजार छापून घेतलेत. हेच वापरायचे.” तिने त्याच्या टेबलाच्या कडेवर बूड टेकलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. “आता बोल. एक बाई आली. म्हणाली, मी आधी शेतात होते, मग लाँड्रीत इस्त्री केली, मग दहा वर्षं भट्टीपुढे काच फुंकली, आता नातवंडं सांभाळते. काय लिहिशील?”

त्याने चौकटीकडे बघितलं. खरं सांगायचं तर डोक्यात पहिला शब्द ‘गृहिणी’ आला होता, आणि अगदी बरोब्बर बसत होता. त्याने तो गिळला.

“मागे लिहीन,” तो म्हणाला.

“मागेही नाही मावलं तर?”

“दुसरा कागद टाचेन.”

“कंटाळा येईल तुला. तुला बसणारे शब्द आवडतात.”

“येऊ दे कंटाळा.” त्याने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर हात ठेवला. “शब्द देतो तुला. माणसाला समोर बसवून विचारल्याशिवाय एकही चौकट भरणार नाही. माझी सख्खी आत्या असली तरी.”